तीन याद्या आणि एक साखरपुडा

मुलांनो,

परवा फोनवर धाकट्याने सांगितलं, की एकाच माहितीच्या तीन देशांतल्या प्रती एकसारख्या ठेवणं हे त्याचं काम आहे. वर, "आजी, तुला ते नाही समजायचं," असंही म्हणाला. मला समजतं. हेच काम मी ठाण्याच्या नौपाड्यात केलं आहे आणि त्यात सपशेल आपटलेही आहे. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या महिला मंडळाचं वधूवर सूचक केंद्र होतं. स्थळांची यादी माझ्याकडे, तिची एक प्रत डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे, एक कल्याणच्या. कुणाचं लग्न ठरलं की नावापुढे 'जमले' लिहायचं. वह्या होत्या तोवर दर शनिवारी फोनवर बदल वाचून दाखवायचो. कॉम्प्युटर आला आणि आम्हाला शिंगं फुटली. जी बदल करेल तिने अख्खी यादी ईमेलने पाठवायची, बाकीच्यांनी जुनी पुसून ती ठेवायची.

एका मंगळवारी डोंबिवलीकरणीने घोडबंदर रोडच्या एका इंजिनिअरपुढे 'जमले' लिहून यादी पाठवली. कल्याणकरणीने ती उघडलीच नाही. बुधवारी तिने आपल्या जुन्या यादीत दोन मुली घातल्या आणि ती पाठवून दिली. मी ती शिस्तीत जागेवर ठेवली. 'जमले' गेलं.

त्याच आठवड्यात कल्याणच्या एका मुलीला मी तो इंजिनिअर सुचवला. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. स्थळं बघून कंटाळली होती. हे शेवटचं, नाही जमलं तर माझं नाव काढा, असं तिने बजावलं होतं. मुलाच्या घरी फोन त्याच्या आजोबांनी उचलला. म्हणाले, रविवारी या, सगळेच येताहेत.

ती, तिची आई आणि मी गेलो. दारात रांगोळी, आत साखरपुडा अर्ध्यावर आलेला. मुलाच्या आईने आम्हाला नवरीकडचे समजून पुढे बसवलं आणि हातावर पेढे ठेवले. मुलीची आई माझ्याकडे बघत होती, मी पेढ्याकडे.

खाली आल्यावर पोरगी इतकी हसली की तिला कठड्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "काकू, माझं नाव काढा. पण आधी तुमची यादी मी नीट करते. नाहीतर माझं लग्न झाल्यावरही मला स्थळं दाखवाल."

शनिवारी ती आली आणि आम्हा तिघींना एकत्र बसवून नियम सांगितले. बदल आधी फक्त नौपाड्यात नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि तेवढाच पुढे पाठवायचा. सातनंतर नऊ आला तर थांबायचं, आठ मागून घ्यायचा. शनिवारी शेवटचा क्रमांक फोनवर ताडून बघायचा.

डोंबिवलीकरीण फुरंगटली. "म्हणजे ठाण्याला सासूपण दिलंस."

"दिलं. सासू आजारी पडली की किल्ल्या तुमच्याकडे," मुलगी म्हणाली.

पहिला क्रमांक तिने माझ्याकडूनच लिहून घेतला: तिचं नाव काढलं. महिनाभर तरी राहू दे, मी म्हटलं. ऐकलं नाही. वर्षभराने पेढे घेऊन आली. मुलगा तिच्याच कॉलेजातला, आमच्या एकाही यादीत नसलेला. त्या दिवशी मी दोन पेढे खाल्ले.

केंद्र बंद होऊन काही वर्षं झाली. याद्या तिन्ही घरांत आहेत, शेवटचा क्रमांक तिन्हीकडे सारखा आहे आणि शनिवारचा फोन अजून चालू आहे.