जळका वास

आईला तापानंतर वास यायचा बंद झाला, आणि काही महिन्यांनी एकच वास परत आला, तोही खोटा. जळका. लोणी गावातल्या घरात ती एकटी राहते. दिवसातून कितीदा तरी उठून गॅस बघायची, गोठ्यात जायची, लाइटच्या बोर्डाला हात लावून बघायची. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाची नस दुखावली आहे, जाईल हळूहळू. दादाचं मात्र ठरलं होतं: आईने घर बंद करून पुण्याला यायचं. आईला यायचं नव्हतं. ती एकटी राहू शकते का, हे बघायला मला पाठवलं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मला कामं नसतात असं घरात सगळे धरून चालतात.

मी पुण्यात काही वर्षं झेन पद्धतीने ध्यानाला बसते. भिंतीकडे तोंड, डोळे अर्धे उघडे. बसल्या बसल्या उजेड दिसतो, आवाज येतात, वासही येतात. आमच्या शिक्षिका त्याला माक्यो म्हणतात, मनाचे खेळ. त्यांच्या मागे लागायचं नाही, त्यांना हाकलायचंही नाही. मला वाटलं, हे तर आईसाठीच आहे.

"वास आला की मनात नुसतं 'वास' म्हणायचं. उठायचं नाही."

"आन खरंच जळत असलं तर?"

"डॉक्टर म्हणाले ना, खोटा आहे."

मग भिंतीवरून वाद झाला. मोकळ्या भिंतीकडे तोंड केलं तर बुद्धाच्या फोटोकडे पाठ येत होती. आई रोज सकाळी वंदना म्हणते. "त्येच्याकडं पाठ करून बसायचं, ही कुठली रीत?" शेवटी आम्ही फोटोच्याच भिंतीसमोर बसलो आणि पाठ स्वयंपाकघराकडे आली. दोन-तीन दिवसांत आईचं उठणं कमी झालं, चेहराही निवळला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

एका सकाळी बसलेलो असताना मलाच जळका वास आला. आईचं ऐकून ऐकून माझ्या मनाने उचलला, असं ठरवून मी श्वासाकडे वळले. शेजारी आईही हलली नाही. मला तिचं कौतुक वाटलं. वास वाढला, तशी मी आणखी ताठ बसले.

"आगं ए, दुधाचा कोळसा झाला की! दोघी मेल्या का काय घरात?"

शेजारच्या काकू मागच्या दाराने आत आल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला. वंदनेआधी आईने मंद आचेवर दूध ठेवलं होतं. मला हसू येत होतं. आईने पातेलं नाकाशी धरलं.

"तुला आला व्हता वास?"

"हो."

"मग उठली का न्हाईस?"

"वाटलं, मनाचा खेळ. आणि तू?"

"तूच म्हणलीस, नुसतं वास म्हण. म्हणत व्हते की."

तिने पातेल्यात पाणी ओतलं. "मला खरा-खोटा वास सारखाच गं. बघितल्याबिगर कळायचं न्हाई. मी आपली उठत जाईन."

"दमशील."

"दमीन. पण माझ्या घरात दमीन."

दादाला फोनवर मी सगळं सांगितलं, दुधाचंही. "म्हणजे घेऊन येतेस ना तिला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, ती इथेच राहील. बोलताना आवाज ठाम होता.

रविवारी मी एसटीने निघाले. मंचरच्या अलीकडे मला जळका वास आला. खिडकीबाहेर कुठे धूर नव्हता. पुढच्या सीटवरचा माणूस खुशाल शेंगा खात होता. मी आईला फोन लावला.

"आई, गॅस बघ."

"आत्ताच बघितला."

"परत बघ ना."

ती कुरकुरली नाही. "थांब," म्हणाली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग तिच्या चपला स्वयंपाकघराकडे गेल्या. ती परत येऊन बोलेपर्यंत मला तो वास येत होता.