बोला सर आणि माझी खुर्ची

तळोद्यात त्या सरांचं खरं नाव कोणी घेत नव्हतं. पोरगं फळ्याजवळ उभं राहिलं की सर मागून म्हणायचे, "बोला." म्हणून ते बोला सर. स्वतः मात्र कामापुरतंच बोलायचे.

नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला तो तिथंच वारला. मग मी सरांच्या क्लासात झाडलोट धरली. कंपनीच्या मुलाखतीत पोरांना कॉम्प्युटरचा प्रोग्राम पांढऱ्या फळ्यावर हातानं लिहायला लावतात, अन लिहिता लिहिता साहेबाला समजावून सांगायचं असतं. सर तेच शिकवायचे.

आमची डोंगरातली पोरं. मोठ्या माणसाला पाठ दाखवायची नाही, विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाही, हे घरचं वळण. फळ्याजवळ खेकड्यासारखी तिरपी उभी राहायची. लिहिलेलं बरोबर, तोंड बंद. सर म्हणायचे, "साहेबाला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही."

एक दिवस त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं. "मावशी, तुम्ही साहेब. हसायचं नाही, मान हलवायची नाही." मला काय, नवरा गेल्यापासून माझं तोंड तसंच आहे. पहिलीच पोरगी रडली. सर म्हणाले, "छान. साहेब असेच असतात." तिनं डोळे पुसले, माझ्याकडं पाठ केली अन बोलायला लागली. मला त्यातलं काही कळलं नाही. तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना माझ्या पाया पडली.

पोरं लागत गेली, सर राहिले. मी विचारलं, तुम्ही का जात नाही. म्हणाले, गेलो होतो. "सगळं येत होतं, मावशी. तोंड उघडलं नाही." अन फळा पुसत बसले, पुसलेलाच होता तो.

मग मालकानं खोली परत मागितली. क्लास बंद. सरांना पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. ते हुकलं तर विसरवाडीला भावाच्या ढाब्यावर बसायचं, असं घरी ठरलेलं.

निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, मावशी, बसा. मी बसली. सर फळ्याजवळ तिरपे उभे. लिहीत होते, तोंड बंद. मी वाट पाहिली. मग म्हणाली, "बोला."

हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाठ केली. आधी पुटपुटले, मग खोलीभर आवाज. मी मान हलवली नाही.

पुण्याहून फोन आला. "लागलो, मावशी. इथला साहेब तुमच्यापेक्षा सोपा निघाला. मधूनच हसला."

खोलीत आता बियाण्याचं दुकान आहे. खुर्ची सर मला देऊन गेले. मी तिच्यावर बसत नाही. कोणी घरी आलं की त्याला बसवते, समोर जमिनीवर बसते, अन म्हणते, बोला.