काल्पनिक गावचे रहिवासी

पुण्यात काटकोनात असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे, अण्णा. बाकी सगळं शहर त्यांच्या मते थोडंफार कललेलं आहे. सगळा जन्म सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजण्यात गेल्यामुळे त्यांच्या डोळ्यांतच काटकोन तपासायचा गुण्या बसलेला आहे. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा वाढलेल्या ताटाकडे न बघता त्यांनी टेबल भिंतीपासून दोन बोटं सरकवलं आणि मग "आता बसा" म्हणाले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात सगळे फोटोसाठी हसत उभे असताना त्यांनी मांडव मावळतीला झुकल्याचं जाहीर केलं, आणि वाईट म्हणजे तो खरंच झुकला होता. डावं-उजवं त्यांना मान्य नाही. "माणूस वळला की डावं-उजवं बी वळतं, त्यात काय अर्थ हाय?" असं म्हणून ते रिक्षावाल्यालाही "पुढल्या चौकात उगवतीला घ्या" सांगतात. बुधवार पेठेतल्या एका रिक्षावाल्यानं त्यांना शांतपणे विचारलं होतं, "आजोबा, मीटर टाकू का होकायंत्र?"

मी कामं यादी करून उरकते, त्यामुळे अवघड माणसांना फिरवून आणायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. एकदा नणंदेचा फोन आला. "वहिनी, अण्णांना कुठेतरी ने गं. सोसायटीच्या पार्किंगचे पट्टे परत मोजायला निघालेत." मी त्यांना पेठेतल्या एका छोट्या संग्रहालयात नेलं. खाली जुनी भांडी, मापं, दिवे. वर एका खोलीत पुण्याच्या आसपासची निसर्गचित्रं. दारातच पाटी होती : 'वस्तूंना हात लावू नये. त्या आपल्या मदतीशिवाय इतकी वर्षं टिकल्या आहेत.' अण्णांना जागा पाटीपासूनच आवडली, आणि आमचा दर गुरुवारचा नेम झाला. अभिप्रायाच्या वहीत लोक 'छान' लिहून सही करतात. अण्णांना त्याचा राग. "छान हे काय माप हाय?" ते स्वतः अर्धं पान लिहायचे. खडकवासल्याच्या चित्रावर त्यांनी लिहिलं होतं : 'नाव संध्याकाळ, सावल्या सकाळच्या. एक काहीतरी बदलावे.' संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई ते वाचून वही मिटायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अहो, यांना मोफत प्रवेश देऊ का? निदान तक्रारीचा हक्क कमी होईल."

पावसाळ्यानंतर भिंतीवर एक नवं जलरंगातलं चित्र लागलं. मागे तीन उंचवट्यांचा डोंगर, पुढे विहीर, तिच्यावर वाकलेली चिंच. खाली पाटी : 'काल्पनिक निसर्गदृश्य'. अण्णा त्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की मी यादीतली पुढची दोन कामं मनातल्या मनात खोडली. मग ते बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, मी काल्पनिक हाय का?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तिकीट काढलंय ना? मग खरे आहात."

"ही हिंजवडी हाय. आमची विहीर. शाळेचा ड्रॉइंग मास्तर सायकलवर यायचा, आमच्या बांधावर बसून चित्रं काढायचा. मी सात-आठ वर्षांचा असंन."

"पुढच्या गुरुवारी सगळ्या पाट्या पक्क्या छापायला जाणार आहेत. तोवर पुरावा आणा, गावाचं नाव घालते. आठवण चालणार नाही. ती इथे येणाऱ्या प्रत्येकाकडे असते."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सातबारा नेला. सातबाऱ्यावर डोंगर दिसत नाही, असं म्हणून बाईंनी तो परत केला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. मी त्यांना विचारून पुराव्यांची यादी केली : घर पाडलं, देऊळ नवं बांधलं, विहीर बुजवली, चिंच तोडली. उरला डोंगर. शनिवारी आम्ही हिंजवडीला गेलो. विहिरीच्या जागी आता एका कंपनीची पार्किंगची इमारत आहे. तिथल्या रखवालदारानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"डोंगराला," अण्णा म्हणाले.

"त्यांचा एक्स्टेंशन नंबर?"

पण माणूस चांगला होता. दहा मिनिटांसाठी त्यानं आम्हाला वर सोडलं. तिसऱ्या मजल्यावर अण्णा रिकाम्या पट्ट्यांमधून दोन पावलं पुढे, चार पावलं बाजूला असे सरकत राहिले, आणि एका खांबापाशी थांबले. पट्टे वाकडे होते, ते त्यांनी बघितलेही नाहीत. "इथनं काढ," म्हणाले. मी फोटो काढला.

गुरुवारी बाईंनी माझा फोन चित्राशेजारी धरला. तीन उंचवटे, मधल्याला खाच. रेघेला रेघ मिळत होती. "डोंगर तर तोच आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं? विहीर, झाड, सगळं जागच्या जागी आहे ना? तुम्ही म्हणाल तर मी लिहिते."

अण्णा चित्राकडे बघत राहिले. मी सवयीनं त्यांच्यासाठी पेन काढून ठेवलं.

"हाय," ते म्हणाले. "जागच्या जागी हाय."

बाईंनी 'काल्पनिक' खोडून 'हिंजवडी, गावची विहीर' असं लिहिलं. अण्णांनी अभिप्रायाची वही ओढली, एकच शब्द लिहून सही केली आणि जिना उतरले. बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. 'छान'. "यांना बरं आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

खाली अण्णा चपला घालत होते. "चिंच चुकलीय," ते म्हणाले. "ती विहिरीपास्नं मावळतीला, चांगली चाळीस पावलं लांब. मास्तरानं उचलून विहिरीवर ठिवलीय."

"मग वर बोलला का नाहीत?"

"आई त्या विहिरीवर धुणं धुवायची. भर उन्हात. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, ती चिंच एवढी अलीकडं असती तर." त्यांनी दुसरी चप्पल घातली. "मास्तराला बी म्हणाली असंल."

मी रिक्षा थांबवली. पहिल्या चौकात रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कसं घेऊ?" मी अण्णांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते.

"घ्या कुठनं बी," ते म्हणाले.