हळू, पक्षी उठतील

उजव्या हाताची तर्जनी ओठांवर, डावा हात हवेत खालीवर, जणू तापलेली कढई शांत करताहेत. मग कुजबुज : "हळू. पक्षी उठतील."

ही खूण त्यांनी तळ्याकाठी केली तर तक्रार नव्हती. पण ते ऑफिसातही करत. ओमानमधल्या सलालाह बंदराजवळच्या आमच्या शिपिंग ऑफिसात पक्षी सोडा, एसीच्या गारठ्यात माशीसुद्धा टिकत नसे. ते आमचे ॲडमिनचे साहेब. रजा, हजेरी, व्हिसा सगळं त्यांच्या हातात. पाठीमागे आम्ही त्यांना 'सर्क्युलर' म्हणायचो. असा एखादा गृहस्थ तुमच्याही ऑफिसात असेल. नसला तर तुमचं नशीब थोर.

मूळचे कुडाळकडचे. पण कोकणी हेल शोधून सापडायचा नाही, बोलणं सरकारी पत्रासारखं. चहा नको असला तरी "सबब राहू द्या" म्हणत. लग्न केलं नव्हतं. गावी धाकटा भाऊ आणि आई. आई दर रजेत विचारायची, आता कायमचा कधी येणार, आणि हे तिला पुढच्या रजेची तारीख सांगत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि तेही आई नियमबाह्य प्रश्न विचारते अशा सुरात.

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर खोर रोरी आहे. समुद्र आत शिरून झालेलं मोठं तळं, पक्ष्यांसाठी राखीव. काठच्या टेकाडावर समहराम या दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराच्या दगडी भिंती. तिथून लोबान जहाजात चढायचा आणि पार आपल्या किनाऱ्यापर्यंत यायचा. दर शुक्रवारी, सुटीच्या सकाळी, हे तिथे पक्षी मोजायला जात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला आकडे हवेही नव्हते. गाडी माझी. रस्त्यावर कुणीच नियम पाळत नाही, म्हणून त्यांनी लायसन्सच काढलं नव्हतं.

पुण्याहून कुणाचे पाहुणे आले की आम्ही त्यांनाही नेत असू, आणि ते बिचारे जन्माचे शहाणे होऊन परतत. एका लहान मुलीने बगळ्यापुढे वेफर टाकला, तर यांनी तो तिच्या वडिलांना चिखलातून उचलायला लावला. एक काका फोटोसाठी समहरामच्या भिंतीवर चढले. हे खालून म्हणाले, "ही भिंत दोन हजार वर्षं उभी आहे. तुमच्या वजनासाठी नव्हे." तिथला ओमानी पहारेकरीसुद्धा त्यांना येताना पाहिलं की सिगारेट विझवायचा.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण माझा त्यांच्यावर खरा राग होता. एका वर्षी वडिलांच्या आजारपणात मी तातडीची रजा घेतली. त्यांना बरं वाटलं, मी परतलो, आणि तीन महिन्यांनी ते गेलेच. पुन्हा अर्ज केला. तो शेरा मारून परत आला : 'तातडीची रजा वर्षातून एकदाच. सबब नामंजूर.' माझ्या वडिलांना चुलतभावाने अग्नी दिला. दोन महिने मी साहेबांशी बोललो नाही, गाडीही काढली नाही. मग काढली. शुक्रवारी सलालाहमध्ये माणूस दुसरं करणार काय?

पुढच्या वर्षी त्यांची आई पडली. हे तातडीच्या रजेवर जाऊन आले. महिन्याभरात ती गेली. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, म्हणाला, यल्ला, निघा, कागद मागाहून बघू. हे जागचे हलले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा आता.

दहाव्या दिवशी शुक्रवार होता. ठरल्या वेळेला ते खाली येऊन उभे. डोकं भादरलेलं, बगलेत पक्ष्यांची वही. गाडीत बसून त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग समोर बघतच म्हणाले, "तुम्हाला सोडलं नव्हतं. मग मी कसा जाऊ?"

मी रेडिओचा आवाज वाढवला.

तळ्यात फ्लेमिंगो, त्यांच्या वहीतले 'रोहित पक्षी', उतरले होते, शंभरेक तरी असतील. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि खिशातला फोन थरथरला. भाऊ होता. तिथे रेंज कायम तोकडी, शब्द तुटत होते. ते एकेक पाऊल मागे सरकत टेकाड चढले, आणि शेवटी समहरामच्या भिंतीवर चढले. होय, त्याच भिंतीवर. फोन स्पीकरवर होता, भावाचा आवाज खाली मलाही ऐकू आला.

"दादा, कावळो शिवणा नाय. दोन तास झाले. सगळा सांगान झाला. तुझ्यातच तिचो जीव अडाकलो हा. मी फोन पिंडाकडे धरतंय. तूच सांग."

ते आधी कुजबुजले. पलीकडे काही पोचलं नाही. मग जरा मोठ्याने. तेही पोचलं नाही.

"आये!" ते ओरडले. "आये, मी येतंय गो! कायमचो येतंय!"

इतका मोठा आवाज त्या माणसात होता हे मला ठाऊक नव्हतं. तळ्यावरचे सगळेच्या सगळे फ्लेमिंगो उठले. पाणी रिकामं झालं, वर आभाळ गुलाबी. पहारेकरी धावत आला आणि त्यांचा चेहरा पाहून खालीच थांबला. फोनमधून भावाचा रडका आवाज आला, "शिवलो. दादा, शिवलो."

माझे डोळे भरून आले. वडिलांसाठी की त्यांच्यासाठी, सांगता येणार नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी पहारेकऱ्याला स्वतःचं नाव आणि रेसिडेंट कार्ड दिलं, तक्रार नोंदवायला. त्याने काही लिहिलं नाही. हातात पाण्याची बाटली ठेवली.

त्यांनी राजीनामा दिला, नोटिशीचे दिवस एकही न चुकवता भरले आणि गावी गेले. रजेचा नियम मात्र तसाच ठेवून गेले; तिथे आईचं जाणंही त्यांना हलवू शकलं नाही.

विमानतळावर पक्ष्यांची वही त्यांनी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी त्या शुक्रवारचं पान काढलं. नेहमीच्या रेखीव अक्षरात तारीख, वेळ, वारा. त्याखाली : 'रोहित पक्षी : मोजता आले नाहीत. कारण : मी.'