उणे बाराचे अवयव

उणे बाराचे अवयव काढायचे तर दोन्ही अवयव उणेच घ्यायचे, उणे तीन आणि उणे चार — असं मी पाटोद्याकडच्या एका शाळेत सातवीच्या अख्ख्या वर्गाला शिकवलं. वर ठसक्यात सांगितलं, ज्या घरात दुष्काळ, तिथं सगळ्यांच्याच ताटात दुष्काळ! पोरांनी मान डोलावली. मीही डोलावली. चूक एवढीच असती तर आज हसून सोडून दिली असती. पण तिच्या पोटात दुसरी आहे, आणि ती मी एका बाईखेरीज कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. डी.एड. नवंकोरं, इस्त्रीची साडी, डोळ्यांवर गरज नसलेला चष्मा — काय तो थाट! बाहेर बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, आणि मी खडूची धूळ पदराला लागू नये म्हणून जपत होते.

कौसल्या तिसऱ्या रांगेत बसायची. उठली. म्हणाली, गावच्या विहिरीचं पाणी दर आठवड्याला तीन हात खाली जातंय, चार आठवड्यांत बारा हात गेलं. तीन उणे, खरं; पण आठवडे कुठं उणे असतात? मग म्हणाली — "बाई, दोन्ही उणे धरले तर हीर भरंल की!"

वर्ग हसला. किती दिवसांनी हसला! मला कळलं का, ती बरोबर आहे? कळलं. तिथल्या तिथं कळलं. उणे गुणिले उणे अधिक, हे मीच तर परवा फळ्यावर लिहिलं होतं. आणि तरी मी तिला बाकावर उभं केलं.

तिथंच थांबले असते तर! त्याच आठवड्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या वसतिगृहातून पत्र आलं. गावातली एक हुशार मुलगी पाठवा. राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. हेडमास्तरांनी मला विचारलं, कौसल्याच ना? मी म्हणाले, ती गणितात कच्ची आहे.

दुसरी मुलगी गेली. कौसल्या आईबरोबर खडी फोडायला गेली, लग्नानंतर ऊस तोडायला. आता ती गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीची चेअरमन आहे. पण म्हणून माझं खोटं लहान होतं का? नाही होत.

निवृत्तीनंतर मी याच गावात राहिले. एका गायीचं दूध रोज तिच्याकडंच घालते. वर्षानुवर्षं घातलं, आणि तोंड मिटून घरी आले. गेल्या दिवाळीनंतर एकदा मात्र किटली रिकामी झाली तरी हलले नाही. फॅट काढायच्या मशीनशेजारी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं मशीन बंद केलं. हात पुसले. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. म्हणाली ते एवढंच —

"बाई, लई उशीर केलात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या अकरा पोरी हायत आमच्या हॉलात, सोमवारपासून त्यांना गणित शिकवाया या. मी मागं बसते. चुकलात की सांगते."