नवसाचा हार

देवाशी मी एकदाच भांडले, तेही भर गर्दीच्या रस्त्यात, गाडीत मागे मुलगी कळा सोसत असताना. आजही आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात.

आमची गाडी जुनी. ह्यांनी हौसेने सेकंडहँड घेतलेली आणि मलाही हट्टाने चालवायला शिकवलेली. हे गेल्यावर ती विकावीशी वाटली नाही. मुलीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून ती पुन्हा गरोदर राहिल्यावर माझ्या जिवाला घोर लागला. दसऱ्याला गाडीच्या पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला आणि गणरायाला सांगितलं, बाळ सुखरूप हातात येईपर्यंत हा हार काढणार नाही. फुलं वाळली, दोरा सैल होऊन लोंबू लागला, तरी मी हात लावला नाही.

दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. जावई चाकणला पहिल्या शिफ्टला गेलेले. मोशीहून पिंपरीच्या हॉस्पिटलला मीच गाडी काढली. गर्दीत थांबलं की तापमानाचा काटा चढायचा, गाडी जरा पळाली की उतरायचा. शेवटी तो लाल रेषेला टेकला तेव्हा कडेला घेऊन इंजिन बंद केलं. "एवढंसं मागितलं, तेही देववेना का रे तुला?" मी काचेजवळच्या गणपतीच्या छोट्या मूर्तीवर ओरडले. मागून मुलगी कण्हत म्हणाली, "आई, त्याला नंतर ओरड. आधी बोनेट उघड."

हे नेहमी सांगायचे, थांबल्यावर तापते आणि पळताना निवते, तर आधी पंखा बघायचा. आमच्या गाडीचा पंखा जाळीच्या लगेच मागे. वाकून पाहिलं, तर हाराचा दोरा आत ओढला जाऊन पंख्याला घट्ट गुंडाळला होता. माझ्याच नवसाने गाडी अडवली होती.

तो कापायला हात होईना. बाळ अजून यायचं होतं आणि त्याआधीच नवस मोडायचा? कडेच्या मेथीच्या वाफ्यातून एक आजी खुरपं घेऊन तशाच आल्या. माझं ऐकून म्हणाल्या, "अगं बाई, घातला तवाच पोचला त्याला हार. आता पोरीला वाट दे." खुरपं माझ्या हाती दिलं आणि स्वतः मुलीजवळ बसून तिची पाठ चोळू लागल्या.

"आता तुझं तू बघ," असं त्याला म्हटलं आणि दोरा कापला. पंखा मोकळा झाला, पण चालेना. फ्यूज उडाला होता. फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं, तर आतून चिकटपट्टीने लावलेला एक नवा फ्यूज. असं ठेवणारे ह्यांच्याशिवाय दुसरं कोण? मी रडतच तो बसवला, चावी फिरवली आणि पंखा घरघरला. काटा खाली येईपर्यंत आजी हलल्या नाहीत.

नात झाली, दोघी सुखरूप. पेढे घेऊन शेतावर गेले तेव्हा आजींनी आधी बाळ-बाळंतिणीचं विचारलं, मगच पेढा तोंडात टाकला. मला वाटलं होतं, दोरा धरून ठेवला तरच देव माझा राहील. मी तो सोडला आणि देव आला, आजींच्या हातून, ह्यांच्या हातून.

यंदा दसऱ्याला पुन्हा हार घातला, हात जोडले, काहीच मागितलं नाही. संध्याकाळी नातीला कडेवर घेऊन मीच तो सोडला.