कासवांच्या बदल्या

जगातला प्रत्येक माणूस चुकीच्या जागी बसलेला आहे आणि त्याला तिथून उठवून दुसरीकडे बसवलं की जगाचं कल्याण होईल, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि देवाच्या दयेने तो माझाच व्याही निघाला. माझ्या जावयाचे वडील. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत शिक्षण विभागात बसून त्यांनी तीसेक वर्षं प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या केल्या. निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, वारल्या, आणि मुलाने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेत मॉरिसव्हिलला आणलं. मी तिथे लेकीकडे आधीपासून कायमची मुक्कामाला. ऑगस्टात ते आले आणि आठच दिवसांत त्यांनी घरातल्या बदल्या काढल्या. कुकर डाव्या शेगडीवर ‘तीन वर्षांहून अधिक काळ’ होता म्हणून उजवीकडे गेला. जावयाची खुर्ची खिडकीपाशी गेली. माझी खोली वरच्या मजल्यावरून खाली आली, कारण ‘गुडघे, वैद्यकीय’. ही बदली मात्र मला इतकी मानवली की मी तोंडातून ब्र काढला नाही. एके दिवशी फ्रिजवर चिठ्ठी दिसली: ‘दूध संपले आहे. माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ सात वर्षांच्या नातीने विचारलं, “आजी, व्हॉट इज धिस?” म्हटलं, “काही नाही गं, दूध आण म्हणताहेत.”

मी साठी उलटल्यावर गाडी शिकले, बरं का. इंग्रजीसुद्धा तशीच शिकले, टीव्ही बघून आणि लायब्ररीतल्या बायकांशी गप्पा मारून. मुलं ऑफिसला गेली की व्याहीबुवांची ने-आण माझ्याकडे. ते मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे, सफारी घालून, मांडीवर फाईल ठेवून. म्हटलं, “अहो, पुढे बसा की, मी काय तुमची ड्रायव्हर आहे?” तर म्हणाले, “विहीणबाई, गैरसमज नको. पुढे बसलं की मला रस्त्यावरच्या गाड्यांच्या बदल्या कराव्याशा वाटतात.” सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं माझ्याकडे फार सहानुभूतीने बघायची.

तर या माणसाला जावयाने ऑफिसातून मिळालेल्या फुकट तिकिटांवर बेसबॉल दाखवायला नेलं आणि सगळं रामायण सुरू झालं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका छोट्या संघाचं मैदान होतं. पगारी खेळाडूंचा संघ, पण मोठ्या संघांनी नाकारलेल्या पोरांचा. टोपीवर कासव. आणि खेळही असा की कासवाने बदनामीचा दावा लावावा. त्या संध्याकाळी ते इतके हरले की गुणफलक चालवणाऱ्यानेही मध्येच उठून आइस्क्रीम आणलं. सगळं मैदान पेंगत होतं, आणि आमचे व्याहीबुवा मात्र ताठ बसलेले.  गाडीतून उतरताना म्हणाले, “मुलं वाईट नाहीत. आस्थापना चुकलीये.”

मग सप्टेंबरात हंगाम संपेपर्यंत घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी सोडला नाही, म्हणजे मीही सोडला नाही. एक लांबोडकी वही घेऊन ते बसत आणि हजेरी मांडत. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत आणि त्यांची गरजही वाटली नाही. चेंडू फेकणारा मुलगा चार दिवसांत एकदा फेकतो आणि बाकीचे दिवस बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो, हे कळल्यावर ते हादरले. “आणि रजेचा अर्ज?” पहिल्या तळावरचा, म्हणजे फर्स्ट बेसवरचा, गडी पाच वर्षं त्याच तळावर उभा आहे हे ऐकून तर त्यांनी कपाळाला हात लावला. “पाच वर्षं एका जागी! हितसंबंध तयार होतात, विहीणबाई. उचला आणि तिसऱ्यावर टाका.” मैदानाच्या पार टोकाला, उन्हात, एकटेच उभे असलेले तीन खेळाडू त्यांनी ‘अवघड क्षेत्र’ या सदराखाली घेतले. नियमाप्रमाणे तीन वर्षं तिकडे काढल्यावर सोयीची जागा मिळायलाच हवी. मी म्हटलं, “अहो, तो उंच मुलगा लांबचा झेल घेण्यात हुशार आहे, म्हणून तिकडे आहे.” तर म्हणाले, “डोंगरातल्या शाळेवरच्या प्रत्येक मास्तराबद्दल गटशिक्षणाधिकारी हेच लिहायचे.”

या सगळ्यांत एकाच खेळाडूच्या नावापुढे त्यांनी ‘जागेवर योग्य’ असं लिहिलं होतं. असा शेरा त्यांनी तीस वर्षांत कुणाला दिला असेल असं मला वाटत नाही. तो लिरॉय. फेकणाऱ्याच्या समोर, मारणाऱ्याच्या पाठीमागे, तोंडाला जाळी लावून उकिडवा बसतो आणि चेंडू झेलतो, तो गडी. वय छत्तीस. उठताना एक हात जमिनीला आणि दुसरा गुडघ्याला, अगदी माझ्यासारखा. त्याची बायको आमच्या नातीच्या शाळेत पहिलीला शिकवायची, म्हणून आमची ओळख. हिवाळ्यात खेळ बंद झाला की लिरॉय हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवून द्यायचा. तिथे आम्ही पडद्याचे हूक आणायला गेलो, तर व्याहीबुवांनी त्याला कोपऱ्यात गाठला. “विचारा त्यांना, पुढच्या वर्षीचं काय?”

लिरॉयने डबा बंद केला आणि सांगितलं. मालकाने संघ मुळापासून नवा बांधायचं ठरवलं होतं. नवी मॅनेजर आणली होती, ट्रेसी नावाची पोरगी, आणि हिवाळ्यात जुनी माणसं काढून पंचविशीच्या आतली मुलं घ्यायची असा हुकूम होता. दुसरा एक संघ लिरॉयला घ्यायला तयार होता, पण तो गाडीने दोन दिवसांच्या अंतरावर. बायको शाळा सोडून जाणार कशी? आणि खेळ सोडून तो करणार काय? “मॅम, मला बसणं आणि झेलणं एवढंच येतं,” असं हसून म्हणाला बिचारा. मी हे मराठीत सांगितलं. व्याहीबुवा हूक न घेताच बाहेर पडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “पती-पत्नी एकत्रीकरणाची सरळ केस आहे. परिपत्रक स्पष्ट आहे.” मी म्हटलं, “अहो, ते परिपत्रक तुमच्या जिल्ह्याचं. हा नॉर्थ कॅरोलायना आहे.” “माणसं तीच असतात ना?”

पुढचे दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कासवांचा संघ नव्याने बांधला जात होता. लेकीने थँक्सगिव्हिंगच्या सणाला चार माणसं बोलावली होती, ती सोफ्यावर बसून जेवली. बावीस खेळाडूंच्या बावीस चिठ्ठ्या, वर सेवाज्येष्ठता, खाली शेरा. फेकणारे दोघे ‘प्रशासकीय कारणास्तव’ पहिल्या तळावर. पहिल्या तळाचा तिसऱ्यावर. तिसऱ्याचा अवघड क्षेत्रात. एका जाड्या मुलाला त्यांनी प्रेक्षकांपुढे कासवाच्या सोंगात नाचणाऱ्याच्या जागी प्रतिनियुक्तीवर पाठवलं होतं, आणि सोंगातल्या माणसाला मैदानात. जावई कपाळ धरून म्हणाला, “बाबा, प्लीज, असं नसतं हो! ते प्रोफेशनल्स आहेत.” बाबा म्हणाले, “मास्तर काय हौशी होते?” नात मात्र खूश होती. ती चिठ्ठ्या चिकटवून द्यायची आणि मधूनच एखाद्याला आपल्या मर्जीने हलवायची, ते त्यांना चालायचं. “वरून दबाव येतोच,” म्हणायचे.

जानेवारीत फाईल तयार झाली. लाल फीत, पृष्ठांकन, सगळं. मी गाडी काढली. वेळ ठरवलेली नव्हती, पण हिवाळ्यात त्या ऑफिसात येणार तरी कोण? ट्रेसी एकटीच बसली होती, तिशीतली, केस वर बांधलेले, समोर तिकिटांचे गठ्ठे. व्याहीबुवांनी माकडटोपी काढून नमस्कार केला आणि फाईल दोन्ही हातांनी पुढे केली. ती उठून उभी राहिली. तिकडची माणसं फार रीतीची. “यस सर, कम ऑन इन.”

मी भाषांतर करत होते. सेवाज्येष्ठता कशीबशी पार पडली. अवघड क्षेत्राला ती हसली. पती-पत्नी एकत्रीकरणाला मी म्हटलं, “हजबंड अँड वाइफ, सेम प्लेस. इट इज द रूल.” तिने गोंधळून विचारलं, “मॅम, म्हणजे लिरॉयची बायको पण आमच्या संघात खेळणार?” मी म्हटलं, “नाही गं बाई, ती पहिलीला शिकवते.” तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “मलाही लिरॉय आवडतो. पण मालकांना मी काय सांगू? बायको इथे आहे म्हणून ठेवला? ते मला काढतील.”

मी हे सांगितल्यावर व्याहीबुवा एवढंच म्हणाले, “पान अकरा.”

पान अकरावर त्यांची हजेरी होती. कुठल्या सामन्यात कोण उकिडवा बसला, कोण फेकत होता, आणि फेकणाऱ्याचा चेंडू किती वेळा भरकटला, रकान्यांत आखून. हा भरकटण्याचा रकाना त्यांनी का ठेवला, तर मास्तर वर्गातून किती वेळा बाहेर जातो ते लिहायची जुनी सवय. ट्रेसी पान बघत हसत होती, ती हसायची थांबली. बोट रकान्यावरून खाली नेलं, परत वर आणलं. लिरॉय बसलेला असला की कोवळी पोरं सरळ फेकायची. तो बाकावर गेला की तीच पोरं सैरभैर. बाजूला मराठीत बारीक शेरा होता, तो मी वाचून दाखवला: ‘चुकल्यावर मुले प्रथम याच्याकडे बघतात. हा मान हलवतो. मग मुले शांत होतात.’

“हे कुणी लिहिलं?” तिने विचारलं. मी व्याहीबुवांकडे बोट केलं. “मी हे ठेवून घेऊ?” झालं! व्याहीबुवा ताडकन म्हणाले, “मूळ नस्ती देता येणार नाही. छायांकित प्रत घ्या.” तिने उभं राहून सगळ्या पानांच्या प्रती काढल्या. मग त्यांना पोच हवी होती. तिच्याकडे शिक्का म्हणजे लहान मुलांच्या हातावर मारायचा हिरवा कासवाचा. तोच त्यांनी पहिल्या पानावर मारून घेतला, खाली तारीख घातली आणि सही करवली.

तीन आठवडे काही नाही. परतीचं विमान जवळ आलं, बॅगा भरल्या, आणि ते रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाऊन येत. जेवण निम्म्यावर. मग एका सकाळी ट्रेसीचा फोन आला. लिरॉय राहणार. अधूनमधून खेळेल, बाकी वेळ फेकणाऱ्या नव्या पोरांना घडवेल, तसं मालकांनी मान्य केलं. पान अकरा तिने त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. बाकीच्या एकवीस शिफारशींचं काय, ते मी विचारलंच नाही. व्याहीबुवा म्हणाले, “बावीसातून एक. वाईट नाही.” आणि लगेच, “लेखी आदेश?”

आदेश आणायला मलाच जावं लागलं. ट्रेसी तो लिरॉयला पाठवणारच होती, पण व्याहीबुवांना तो स्वतः बजावायचा होता. शनिवारी लिरॉयच्या घराची बेल वाजवली तेव्हा दार त्याच्या बायकोने उघडलं, शाळेचे तक्ते रंगवताना हाताला खडू लागलेला. व्याहीबुवांनी कागद पुढे धरला. तिने वाचला, आतल्या बाजूला तोंड करून लिरॉयला हाक मारली, आणि तो यायच्या आतच रडायला लागली. तो आला, वाचून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. दोघं आम्हाला आत बोलवत होते. व्याहीबुवा दोन मिनिटं त्या दोघांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “चला विहीणबाई, उशीर होतोय.” कसला उशीर? सकाळचे अकरा वाजले होते.

आम्ही गाडीत बसलो. मग मागून आवाज आला. “आमची ही मास्तरीण होती, माहितीये ना तुम्हाला?”

माहीत होतं. दुसऱ्या तालुक्यात शाळेच्या गावी राहायच्या, तिकडची हवा मानवते असं मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांत कुणीतरी म्हणालं होतं.

“अठरा वर्षं. मी शनिवारी एसटीने जायचो, सोमवारी पहाटे निघायचो. तिचा एकत्रीकरणाचा अर्ज सात वेळा माझ्याच टेबलावर आला. नियमात बसत होता. पण लोक म्हणतील, आधी स्वतःचं केलं. सातही वेळा मीच लिहिलं, ‘नस्तीबद्ध करावे’. म्हणजे फाईलला लावून विषय बंद.”

“त्या काही म्हणाल्या नाहीत?”

“आठव्यांदा अर्ज केला नाही तिने.”

 पुढे सिग्नल हिरवा झाला होता, तरी मी थांबलेलीच होते. मागच्या गाडीनेही हॉर्न वाजवला नाही. तिकडे वाजवत नाहीत.

फेब्रुवारीत ते गेले. त्या उन्हाळ्यात त्यांचा रविवारी फोन यायचा, मुलाशी दोन मिनिटं, नातीशी चार, मग मला मागायचे. मी आदल्या दिवशीचा सामना बघून ठेवायचे. नवा संघ जुन्याइतकाच हरायचा. मी सांगायचे, “व्याहीबुवा, कालही हरले हो.”

“हरू दे,” म्हणायचे. “संपल्यावर तो घरी गेला ना?”

“गेला. ती घ्यायला आली होती.”